फायरवॉल बंद करणे हा इलाज नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात दोन संगणक असतील आणि एकावरची फाईल दुसऱ्यावर उघडत नसेल, तर आपल्या शहरात त्यावर सर्रास एकच इलाज होताना मी पाहते. दुरुस्तीला आलेला मुलगा दोन्हीकडची फायरवॉल (बाहेरून नको ते आत येऊ न देणारी विंडोजमधली राखण) बंद करतो, फोल्डर सगळ्यांना खुला करतो, पैसे घेतो आणि जातो. फाईल उघडली की घरचेही समाधानी असतात. यात केवढा धोका आहे हे वाचकांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागच्या बाजूला राहते. टॉवेल-चादरीच्या लहान कारखानदारांचे आणि काही दुकानदारांचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे असे काम घरून करते. यजमान जकार्डची डिझाईन काढतात. त्यांचा संगणक आणि प्रिंटर पुढच्या खोलीत, माझा संगणक मागच्या खोलीत. मी तयार केलेली बिले त्यांनी पुढे उघडून छापायची, अशी आमची वाटणी आहे. माझा जुना संगणक बदलून विंडोज ११ चा घेतला आणि तेव्हापासून माझे फोल्डर त्यांच्याकडे दिसेना. नेटवर्क पाथ सापडत नाही, एवढाच संदेश यायचा.

दुकानातून आलेल्या तरुणाने वर सांगितलेले सगळे केलेच, शिवाय पासवर्ड विचारण्याची सोय काढून टाकली आणि ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन एसएमबी १ (फायली देण्या-घेण्याची एक जुनी पद्धत, तिच्याबद्दल पुढे सांगते) वर टिक केली. तरीही फोल्डर उघडले नाही. मग म्हणाला, दोन्ही फॉर्मॅट करावे लागतील. मार्चअखेर तोंडावर आलेली, लोकांचे वर्षाचे हिशेब त्यात. मी स्पष्ट नाही म्हटले. त्या मुलाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याला शिकवणाऱ्यानेच त्याला हे असे शिकवले आहे, आणि मला दुःख त्याचे आहे.

पुण्यात नेटवर्कचे काम करणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, बाकी कशाला हात लावू नकोस. दोन्हीकडे काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, आयपीकॉन्फिग टाईप कर आणि मला आकडे वाचून दाखव.” यजमानांच्या संगणकावर १९२.१६८.१.५ हा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आला. माझ्यावर १९२.१६८.०.१०३. तो लगेच म्हणाला, “सापडलं. तुमच्या घरात दोन नेटवर्क आहेत.”

कारण आमच्या घरातच होते. आमचे घर जुने, धाब्याचे. मातीच्या भिंती इतक्या जाड की पुढच्या खोलीतल्या इंटरनेट कंपनीच्या डबीचे (म्हणजे पहिल्या राउटरचे) वायफाय मागे पोहोचतच नाही. जुना संगणक पुढच्या डबीला थेट वायरने जोडलेला होता. नवा आला तेव्हा मोबाईललाही रेंज मिळावी म्हणून तीच वायर एका नव्या राउटरला लावली आणि संगणक त्या राउटरवर घेतला. दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टला (इंटरनेटची वायर लावायच्या जागी) वायर लावली की तो आपले स्वतंत्र नेटवर्क उभे करतो आणि संगणकांना आयपीचे आकडेही स्वतःचेच देतो. आयपीचे पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली आणि शेवटचा म्हणजे घर क्रमांक, असे समजा; आमचे दोन संगणक दोन गल्ल्यांत होते. मागच्या गल्लीतून पुढे जाता येत होते, पुढून मागे येता येत नव्हते. म्हणून माझ्याकडून यजमानांच्या संगणकाला पिंग (दुसरे यंत्र उत्तर देते का हे पाहणारी हाक) लागायचे आणि त्यांच्याकडून मला लागायचे नाही. इंटरनेट मात्र दोन्हीकडे व्यवस्थित चालू, त्यामुळे राउटरकडे कुणाचे लक्ष जात नाही. फायरवॉल बंद करा, फॉर्मॅट करा, नवा संगणक आणा. ही अडचण तशीच राहिली असती.

सोलापुरात जाड भिंतींची जुनी घरे कमी नाहीत आणि वरच्या मजल्यासाठी दुसरा राउटर घेणारेही पुष्कळ. त्यांच्यासाठी उपाय सांगते. दुसऱ्या राउटरमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ (वेगळे नेटवर्क न काढता फक्त वायफाय पुढे देण्याची सोय) असेल तर तो निवडावा. नसेल तर दुसऱ्या राउटरचे डीएचसीपी (आकडे वाटण्याचे काम) बंद करावे, त्याला पहिल्याच गल्लीतला पण दुसऱ्या कुणाचा नसलेला आकडा द्यावा आणि वायर वॅनऐवजी लॅन पोर्टला (संगणक जोडायच्या जागी) लावावी. आम्ही हे केले आणि दोन्ही संगणक १९२.१६८.१ मध्ये आले. ज्यांच्याकडे एकच राउटर आहे, त्यांनी एखादे यंत्र ‘गेस्ट’ वायफायवर तर नाही ना, हे पाहावे. पाहुण्यांच्या त्या वायफायवरून घरातली इतर यंत्रे सहसा दिसू दिली जात नाहीत.

एवढे करूनही फोल्डर लगेच उघडले नाही. नवे नेटवर्क जोडले की विंडोज ११ त्याला आपण होऊन ‘पब्लिक’ धरते, म्हणजे एसटी स्टँडवरच्या फुकट वायफायसारखे परके. ते घरच्यासाठी ‘प्रायव्हेट’ करावे लागते. तसे करून फाईल शेअरिंग चालू केले की फायरवॉल शेअरिंगपुरती वाट स्वतः मोकळी करते. ती बंद करण्याची गरजच नसते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. पुढची अडचण पासवर्डची. रोज चार आकडी पिन टाकून संगणक उघडणाऱ्यांना वाटते तोच पिन इथेही चालेल. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो. आणि खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज बाहेरून आत घेत नाही. मी माझ्या संगणकावर फक्त यासाठी एक वेगळे खाते काढले, त्याला चांगला पासवर्ड दिला आणि यजमानांच्या संगणकावर तो एकदा जतन केला. त्या खात्याला बिलांचे एकच फोल्डर दिसते, तेही फक्त वाचण्यापुरते. छापण्यासाठी तेवढे पुरते. मूळ हिशेबाचा डेटा शेअर केलेलाच नाही.

आमच्याकडे लाईट गेली-आली की राउटर पुन्हा चालू होऊन एखादे वेळी आकडे बदलतो आणि कालपर्यंत चालणारा शॉर्टकट आज चालत नाही. त्यासाठी राउटरमध्ये त्या संगणकाचा आकडा कायमचा राखून ठेवता येतो.

आता त्या एसएमबी १ बद्दल, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. संगणकांनी एकमेकांशी फायलींची देवाणघेवाण करण्याची ती फार जुनी पद्धत आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस याच पद्धतीतल्या एका दोषातून एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरला, फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे कामसुद्धा ठप्प झाले. दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ मुळात चालू नसते किंवा काही दिवस वापर झाला नाही तर आपोआप निघून जाते. जे इतक्या विचाराने बंद केले, ते आपल्याकडे एका टिकने परत चालू करतात, आणि तेही गरज नसताना. विंडोज ७ लासुद्धा त्याहून नवी पद्धत येते. एक्सपीवर चालणारा संगणक किंवा एखादा फार जुना स्कॅनर असेल, तरच ती लागते. कुणाच्या कारखान्यात असे जुने यंत्र मशीनला जोडलेले असेल, तर त्याला नेटवर्कपासून तोडून ठेवावे आणि फाईल तपासलेल्या पेन ड्राईव्हने न्यावी. थोडा त्रास पडेल, पण बाकीचे संगणक वाचतील.

माझ्या संगणकात लोकांचे पॅन, बँक खात्यांचे क्रमांक, कामगारांच्या पगाराच्या याद्या आहेत. त्यांनी विश्वासाने दिल्या आहेत. खंडणीचा व्हायरस यजमानांच्या संगणकात शिरला असता, तर त्या मुलाने ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ (कुणालाही काहीही बदलण्याची मुभा) दिलेल्या माझ्या फोल्डरमधली फाईल न् फाईल त्याने कुलूपबंद केली असती. त्यासाठी त्याला वेगळे काही करावे लागले नसते.

म्हणून नव्या पेठेतल्या आणि इतर सर्व संगणक दुकानदारांना माझी विनंती आहे. आपला माणूस घरी जाऊन जे बदलेल, ते त्याने बिलावर दोन ओळींत लिहून द्यावे. फायरवॉल बंद केली तर ‘बंद केली’ असे लिहावे. राउटर बसवून दिला तर त्याचा पासवर्ड घरमालकाला द्यावा. एरवी तो पासवर्ड दुकानातच राहतो आणि पुढे कुणाला काही दुरुस्त करता येत नाही. आपल्या शासकीय तंत्रनिकेतनात आणि वालचंद अभियांत्रिकीत शिकणाऱ्या मुलांनी सुट्टीच्या दिवशी एखाद्या पेठेत बसून लोकांच्या घरचे राउटर पाहून दिले, तर त्यांचाही सराव होईल. आणि ज्यांच्या घरी असा कारागीर नुकताच येऊन गेला असेल, त्यांनी आजच फायरवॉल चालू आहे ना आणि ‘विंडोज फीचर्स’मध्ये एसएमबी १ वर टिक नाही ना, एवढे तरी पाहावे.

भाच्याने सांगितलेले सगळे मी एका कागदावर उतरवून शेजारच्या दोन-तीन घरांत दिले आहे. आमच्या भागात तेलुगू बोलणारी मंडळी खूप, म्हणून शेजारच्या वहिनींनी तोच मजकूर तेलुगूतही लिहून काढला. आपण आपल्या अंकात तो छापणार असाल, तर दोन्ही कागद कार्यालयात आणून देईन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, अशोक चौक परिसर, सोलापूर