चुंबक तसाच ठेवा, दिवा हलवून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत फेरोफ्लुइडच्या पातळ थराचे रंगीत छायाचित्र आले होते. मधोमध काळा गोल, भोवती लाल, हिरव्या, निळ्या कमानी एकमेकींत गुंफलेल्या. छायाचित्र पाहून फार आनंद झाला. पण त्याखाली 'चुंबकाच्या बलरेषा प्रथमच उघड्या डोळ्यांनी' असे छापले होते, आणि ते चूक आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत 35 वर्षे सहायक म्हणून काम केले. असा थर स्वतः बनवून तासन्तास त्यातून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

फेरोफ्लुइड म्हणजे तेलासारख्या द्रवात तरंगणारे मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे, अतिसूक्ष्म कण. एकेक कण साधारण 10 नॅनोमीटरचा. कणांनी गुठळ्या धरू नयेत म्हणून त्यांच्यावर ओलेइक आम्लासारख्या पदार्थाचे वेष्टण असते. 1963 साली नासातले अभियंते स्टीव्ह पॅपेल यांनी हे द्रव बनवले ते रॉकेटच्या इंधनासाठी. वजनरहित अवस्थेत इंधन चुंबकाने ओढून पंपाच्या तोंडाशी आणता यावे, ही कल्पना.

दोन काचांमध्ये याचा थर बसवणे वाटते तितके सोपे नाही. माझा पहिला थर जाड झाला आणि पलीकडचे काहीच दिसेना, नुसती काळी काच. नंतर द्रव पातळ तेलात मिसळून दोनच थेंब घेतले आणि वरची काच एका कडेपासून हळूहळू टेकवत आणली, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. कडा चिकटवून घेतल्या. थर काही मायक्रॉनचाच हवा. उजेडासमोर धरला की चहाच्या रंगासारखा दिसला पाहिजे.

आता खोलीत अंधार करून हातभर अंतरावर एकच बारीक एलईडी ठेवा आणि थरातून तिच्याकडे पाहा. नुसता तांबूस ठिपका दिसतो. थराच्या डाव्या कडेशी पट्टी चुंबकाचे टोक आणा. ठिपक्यातून वरखाली जाणारी एक लख्ख रेघ निघते. इथेच नीट लक्ष द्यावे. चुंबक डावीकडे आहे, म्हणजे त्याचे चुंबकीय क्षेत्र थरात आडवे आहे, आणि रेघ उभी आहे. चुंबक वरच्या कडेशी नेला की रेघ आडवी होते. ती बलरेषा असती तर क्षेत्राच्या दिशेने गेली असती, ही तर नेमकी काटकोनात जाते.

कारण पाहा. क्षेत्र आले की कण एकामागे एक चिकटून क्षेत्राच्या दिशेने साखळ्या धरतात. एकटा कण प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे अगदीच लहान, पण साखळी पुरेशी लांब असते. बारीक तारेवर पडलेला प्रकाश तारेच्या लांबीशी काटकोनातच पसरतो, तसाच तो साखळ्यांवरूनही पसरतो. घासून घासून गोल चरे पडलेल्या स्टीलच्या पातेल्याचा तळ दिव्याखाली धरा. चरे गोल असतात, पण चमकणारी रेघ मध्यापासून काठाकडे जाते आणि मान हलवली की तीही फिरते. ती रेघ पातेल्यावर कोरलेली नसते, हे आपण सहज मान्य करतो. चुंबक दूर नेला की द्रवातले कण आपल्या सततच्या हालचालीने विखुरतात, साखळ्या मोडतात आणि रेघ विझते.

मग कमानी कुठून येतात? बटणासारखा चुंबक काचेच्या मागे मधोमध टेकवा. साखळ्या आता ध्रुवापासून चहूकडे, चाकाच्या आऱ्यांसारख्या. ज्या बिंदूपाशी दिव्याकडे जाणारी रेषा आणि साखळी यांत काटकोन होतो, तोच बिंदू उजळतो. असे सगळे बिंदू जोडा. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे शाळेत शिकलेले प्रमेय इथे डोळ्यांसमोर उभे राहते : एका बाजूने ध्रुवातून आणि दुसऱ्या बाजूने दिव्यातून जाणारे अख्खे वर्तुळ. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी किती तरी वेळ काच खाली ठेवली नव्हती. दिवा थोडा बाजूला सरकवा, वर्तुळ लहानमोठे होते. चुंबकाला हातही लागलेला नसतो.

छायाचित्रातल्या रंगीत कमानी थराभोवती गोलाकार बसवलेल्या लाल, हिरव्या, निळ्या एलईडींच्या आहेत. दर दिव्यामागे एक कमान. मधल्या काळ्या गोलाला काही जण 'पोकळी' म्हणतात. तिथे पोकळी नाही. ध्रुवासमोर साखळ्या काचेवर उभ्या राहतात आणि बाजूने आलेला प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवत नाहीत, एवढेच.

हा विषय नवाही नाही, तेव्हा 'प्रथमच' हा शब्दही नको. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ क्विरिनो माजोराना यांना 1902 साली लोहकणांच्या कलिल द्रावणात, म्हणजे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेल्या द्रवात, चुंबकाच्या प्रभावाने द्विअपवर्तन आढळले होते, म्हणजे प्रकाशाची कंपने कोणत्या दिशेने आहेत त्यानुसार त्याचा वेग बदलतो. ध्रुवणाची, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी, दोन भिंगे एकमेकांशी काटकोनात ठेवून मध्ये हा थर धरला तर अंधार दिसतो. चुंबक बाजूने 45 अंशांवर आणला की तोच थर उजळतो.

छायाचित्रातून चुंबकाबद्दल काहीच कळत नाही, असे मी म्हणत नाही. दिवे कुठे आहेत ते ठाऊक असेल तर कमानींवरून क्षेत्राची दिशा जागोजागी काढता येते. दिवे ठाऊक नसतील तर मात्र ते काढता येत नाही. म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी आणि असे छायाचित्र पुन्हा येईल तेव्हा दिवे किती व कुठे होते आणि चुंबकाचा कोणता भाग काचेकडे होता, या दोन गोष्टी खाली द्याव्यात.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक