फुलांच्या तैलचित्रांना लाकडाचे वॉर्निश लावू नका

संपादक महोदय,

17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की मराठवाड्यातल्या सरकारी इमारतींची रंगरंगोटी निघते. भिंतीवरचे फुलांचे तैलचित्र चमकावे म्हणून त्यावरही लाकडाचे वॉर्निश फिरवले जाते. कृपा करून हे थांबवा.

तैलरंगातले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. गुलाबाच्या पाकळीचा जाड थर वरून कोरडा लागला तरी आत मऊच असतो. त्याला पूर्ण वाळायला सहा महिने ते वर्ष लागते. त्यावर कडक वॉर्निश चढले की तडे जातात. पुढे ते पिवळे पडते, शेवंतीचा पांढरा मळकट दिसतो, आणि वॉर्निश काढताना पाकळीच्या कडेची पातळ छटाही निघून येते. अजिंठ्यात हेच झाले. 1920च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी भित्तिचित्रांवर लाखेचा लेप दिला. तो पिवळा पडला, तडकला, आणि पुढे पुरातत्त्व खात्याला काढावा लागला. तिथे निदान तज्ज्ञ तरी होते.

दुसरा शत्रू कूलर. दिवसा दमट वारा, रात्री कोरडी हवा. कॅनव्हास रोज सैल पडतो, रोज ताणला जातो आणि रंगाच्या खपल्या सुटतात. चित्र कूलरच्या झोतात किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर नको. मागे बुचाचे तुकडे लावून दोन सेंटीमीटर हवा खेळती ठेवा. धूळ फक्त कोरड्या, मऊ ब्रशने, वरून खाली झटका. रंग उचलला गेलेला दिसला तर तेवढेही नको. चित्र पुसायला ओले फडके किंवा चिरलेला बटाटा अजिबात नको; बोअरच्या पाण्यातले क्षार डाग सोडतात.

आणि नोंद ठेवा. अमेरिकेत 1935 ते 1943 या काळात 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट'मधून चित्रकारांना पगार देऊन शाळा-रुग्णालयांसाठी चित्रे करून घेतली गेली. योजना गुंडाळताना त्यातले बरेच कॅनव्हास रद्दीसारखे वजनावर विकले गेले. आपल्याकडेही कार्यालयाच्या जडवस्तू नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टर) नुसते 'फोटो फ्रेम, 1 नग' लिहिलेले असले, तर निर्लेखनात, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढताना, चित्र मोडक्या खुर्च्यांबरोबर जायला वेळ लागत नाही. चित्रकाराचे नाव, वर्ष, मापे, माध्यम, वॉर्निश आहे की नाही आणि मालकी कोणत्या कार्यालयाची, एवढे नोंदवहीत लिहाच. तीच माहिती मागच्या लाकडी चौकटीवर शिसपेन्सिलने लिहा. कॅनव्हासच्या पाठीवर मात्र लिहू नका. दाब पुढच्या रंगावर येतो.

– काही चित्रकार व कलाशिक्षक, छत्रपती संभाजीनगर