दंडाची पट्टी हिरवीच दाखवत होती

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पोरींच्या डाएटिंगवर लेख छापला. त्यात शेवटी लेखकानं लिहिलंय की ही सगळी मोबाईल आणि रीलची देणगी, पोट भरलेल्या घरचे चोचले, जरा विदर्भातल्या खेड्यात जाऊन बघा म्हणावं. वाचून पेपर घडी करून ठेवला, चहा ठेवला, परत उघडून वाचला, आणि म्हटलं आता लिहावंच. मी त्याच विदर्भातल्या खेड्यात राहते. आर्वी तालुका, जिल्हा वर्धा. २२ वर्षं झाली अंगणवाडी सेविका आहे, घरी पाच एकर, कपाशी आणि तूर. माझी मुलगी याच न खाण्याच्या आजारानं पुण्याकडच्या एका निवासी केंद्रात अकरा आठवडे राहून आली. चोचले आमच्या घरात कोणाचेच नव्हते.

आधी माझीच लाज सांगते. माझं कामच वजनं करायचं. दर महिन्याला गावातली लेकरं काट्यावर घ्यायची, उंची मोजायची, दंडाला पट्टी लावायची आणि सगळं सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरायचं, नेटवर्क नसलं तर मंदिराच्या ओट्यावर जाऊन भरायचं. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली दंड भरला की पट्टी लाल, लेकरू तीव्र कुपोषित. आणि माझ्याच घरात एकोणीस वर्षांची पोरगी वाळत होती ते मी आठ महिने बीएस्सीचा अभ्यास, एसटीचे धक्के, मेसचं जेवण असं म्हणत ढकलत राहिले. एका रात्री ती झोपली असताना गुपचूप तिच्या दंडाला ती पट्टी गुंडाळली. हिरवी. आता ही पट्टी सहा महिन्यांपासून पाच वर्षांच्या लेकरांसाठी असते, मोठ्या माणसाच्या दंडाला ती हिरवीच दाखवणार, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे, मी दुसऱ्या बायांना शिकवते. तरी त्या रात्री ते हिरवं बघून मी निवांत झोपले.

आमच्याकडं हा आजार उपवासात लपतो हो. गुरुवार गजानन महाराजांचा, तो तर घरात सगळ्यांचाच. मग तिनं सोमवार धरला, मग शनिवार, मग चतुर्थी, मग एकादशी, आणि नवरात्रात नऊ दिवस चहापाण्यावर. साबुदाण्याची उसळ केली तर "मले नको, तेल दिसून राह्यलं त्याच्यात". सासूबाई गावभर कौतुक सांगत, पोरगी पाहा कशी देवाधर्माची आहे. आणि स्वतः न खाणारी ही पोरगी रात्र रात्र स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायची, आम्हाला पाटवडी रस्सा, पुरणपोळ्या करून वाढायची, समोर बसून आम्ही खातो का ते बघायची. मला वाटे लग्नाआधी स्वयंपाकाची आवड लागली, चांगलंच आहे.

मी जाड आहे असं ती एकदाही बोलली नाही. एवढंच की पोट गच्च वाटते, घास उतरत नाही. म्हणून डॉक्टरही पोटाच्याच मागे लागले, दुर्बीण झाली, सोनोग्राफी झाली, थायरॉईड झालं. पाळी बंद झाली तेव्हा तिच्या आत्यानं भलताच संशय घेतला, तो इथं लिहीत नाही. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या वर आणि ही गोधडी घेऊन झोपलेली, हात थंडगार, पाठीवर बारीक लव आलेली. चक्कर येऊन पडली तेव्हा तालुक्याला एका दवाखान्यात दोन ग्लुकोजची सलाईन लावून घरी पाठवलं. शेवटी एका मोठ्या दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टर पोरीनं, माझ्या लेकीपेक्षा फार तर आठ वर्षांनी मोठी असेल, अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं. आपल्याकडच्या कितीतरी पेशंट असंच पोटाचंच सांगतात, वजनाची भीती तोंडावर येत नाही, म्हणून ओळखायला उशीर होतो, असं ती म्हणाली.

अनोरेक्सिया नर्व्होसा. तुमच्या लेखकांना सांगा की हे नाव लंडनच्या विल्यम गल नावाच्या डॉक्टरनं १८७३ साली दिलं, तेव्हा रील सोडा, सिनेमासुद्धा नव्हता. रीलनं पोरी बिघडत नाहीत असं मी म्हणत नाही, पण सगळं खापर रीलवर फोडून मोकळं होता येत नाही. मानसिक आजारांत सर्वांत जास्त जीव घेणाऱ्यांत हा मोडतो.

केंद्रात पहिल्याच दिवशी माझी बोलती बंद झाली. मी डबाभर डिंकाचे लाडू नेले होते, तुपात न्हालेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी डबा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, ताई, फार दिवस उपाशी शरीराला एकदम खाऊ घातलं तर जीव जाऊ शकतो, रक्तातलं फॉस्फरस झपकन खाली येतं आणि हृदय बंद पडतं, दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या कैद्यांत हे झालेलं आहे. मग मला ती ग्लुकोजची सलाईन आठवली, तीही एकदम दिलेली साखरच, आणि पाय गळाले. खरं तर मला हे माहीत असायला हवं होतं, तीव्र कुपोषित लेकराला सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी थोडंथोडंच पाजतात, आम्ही तर अशी लेकरं पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतो. पहिले दहा दिवस सारखं रक्त तपासत होते. पुरणपोळ्यांचंही कोडं तिथंच सुटलं. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट जवान पोरांना सहा महिने अर्धपोटी ठेवून बघितलं होतं, तर तेही दिवसरात्र जेवणाच्याच गोष्टी करायचे, पाककृतीची पुस्तकं जमवायचे, चिडायचे, उदास व्हायचे. म्हणजे भूकच डोकं फिरवते, आणि पोट भरल्याशिवाय त्या डोक्याला कितीही समजावा, ते ऐकत नाही.

तिथं आठ बाया होत्या. पोरी नाही, बाया म्हणते कारण त्यात एक ४३ वर्षांची होती, अमरावतीकडची, दोन मुलांची आई. वीस वर्षं ती जेवण झालं की ओकायची आणि घरात कोणाला पत्ता नाही, दात झिजून गेलेले, पोटॅशियम इतकं उतरलं की हृदयाचे ठोके चुकायला लागले तेव्हा कुठं उघडकीस आलं. ती अजिबात बारीक नव्हती, रस्त्यात दिसली तर आजारी आहे असं कोणी म्हणणार नाही. एक नर्स होती. एकीचं चौदा महिन्यांचं लेकरू सासरच्यांनी ठेवून घेतलेलं, वेड्यांच्या दवाखान्यात लेकरू नेत नाहीत म्हणे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तोडायचं नाही. त्या बाईला ते तिथं आल्यावर कळलं, मला तर तिच्याकडूनच.

दिवसाला सहा वेळा खाणं, तीन जेवणं आणि तीनदा मधलं. अर्ध्या तासात ताट संपवायचं, नर्स शेजारी बसून तेच जेवते. माझी लेक पोळीचे मुंगीएवढे तुकडे करायची तर ती नर्स हळूच म्हणे, घास मोठा कर गं. दुसरीच्या ताटाबद्दल कोणी एक शब्द बोलायचा नाही. जेवण झालं की तासभर सगळ्या हॉलमध्ये, बाथरूमला एकटीनं जायचं नाही, म्हणून पत्ते, विणकाम, भेंड्या, रडणंही त्याच तासात. सकाळी वजन काट्याकडं पाठ करून, आकडा पेशंटला सांगत नाहीत. (म्हणून मीही इथं वजन लिहिलं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, आकडा कळला की दुसरी पोरगी त्याच्याशी शर्यत लावते. तुम्हीही छापत जाऊ नका.) एका रविवारी नातेवाइकांना सोबत जेवायला बसू दिलं होतं. त्या अमरावतीच्या ताई बेसनाच्या लाडूसमोर पंधरा मिनिटं बसून राहिल्या, मग एक घास घेतला आणि म्हणाल्या, "तूप खवट आहे." नर्स अशी हसली की विचारू नका, म्हणे ताई, पाच आठवड्यांत आज पहिल्यांदा चवीची तक्रार आली तुमची! तूप खरंच खवट होतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. तीन एकर तीन वर्षांसाठी ठेक्यानं दिलं, आगाऊ पैसे घेतले. माझ्या मानधनात तिथला आठवडाही निघाला नसता. आर्वीहून भेटायला जायचं म्हणजे जाऊन येऊन तीन दिवस, त्यामुळं घरच्यांना शिकवायचं जे काम होतं, ताटाशी कसं बसायचं, काय बोलायचं, ते माझं अर्धवटच राहिलं, आणि घरी आल्यावर दोन महिन्यांत ती एकदा परत घसरली. त्याला कारण आमच्या शेजारीण काकू. कौतुकानंच म्हणाल्या, "तब्येत सुधारली हो तुझी, गाल आले." तिला मात्र ते "जाड झालीस" असंच ऐकू गेलं. त्या रात्री ताट तसंच.

मोठे दवाखाने म्हणाल तर सेवाग्राम आहे, सावंगी आहे, नागपूरला मेडिकल आहे, एम्स आहे. मानसोपचाराचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, नर्स सगळे आहेत. यांच्यातल्या कोणीतरी एकानं सहा खाटा बायांसाठी वेगळ्या काढाव्यात, आईला शेजारी बसून जेवू द्यावं, एवढंच मागते. आम्ही शोधलं तेव्हा आम्हाला असं जवळ काही सापडलं नाही. आणि आशाताईंच्या, आमच्या ट्रेनिंगमध्ये एक दिवस याचा ठेवा. माझ्या रजिस्टरमध्ये सहा वर्षांपर्यंतची लेकरं आहेत, गरोदर आहे, स्तनदा माता आहे, मधल्या वयाची कॉलेजची पोरगी कुठंच नाही.

तुमच्या त्या लेखाच्या खालीच "दहा दिवसांत पोट सपाट" अशी चूर्णाची जाहिरात होती, बघितली असेल तुम्ही. पुढच्या वेळी त्या जागी १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर छापा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

नाव छापू नका, गाव लहान आहे आणि पोरीला पुढच्या महिन्यात परीक्षेला बसायचं आहे.

एक अंगणवाडी सेविका,
ता. आर्वी, जि. वर्धा