बाटलीतले रोप आणि कड्यावरचे रोप

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की, टिश्यूच्या केळीची हजारो रोपे प्रयोगशाळेतून शेतावर येतात, तर मग कंदीलपुष्पाची तशीच हजारो रोपे करून डोंगरावर का लावत नाहीत. प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कंदीलपुष्पे म्हणजे आपल्याकडे ज्यांना खरपुडी म्हणतात, त्याच गटातल्या वेली आणि रोपटी. सह्याद्रीत त्यांच्या कितीतरी जाती अशा आहेत की, त्या जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. २००६ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीवरून एक जात नव्याने नोंदली गेली आणि २०२३ मध्ये विशाळगडावरून आणखी एक, जिला शिवरायांचे नाव दिले आहे. एखाद्या जातीचे सगळे अस्तित्व एकदोन गडांच्या उतारांवर असेल, तर एक मोठा वणवा किंवा एक नवा रस्ताही तिला पुरे होतो. त्यात कंद गोड लागतो, म्हणून गुराखीही तो खणतात आणि रानडुकरेही.

प्रयोगशाळेतले काम तुम्हाला कळेल असेच आहे. खोडाचा एक पेर घ्यायचा, निर्जंतुक करायचा आणि गाळलेल्या हवेच्या कपाटात बसून क्षार, जीवनसत्त्वे, संप्रेरके व लिटरला साधारण तीस ग्रॅम साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, ठेवायचा. पंचवीस अंशांच्या खोलीत, दिव्यांच्या उजेडात, पेराच्या बगलेतून कोंब फुटतात. साखर वाढवली की याच बाटलीत इवले कंदही धरतात, आणि मला त्यांचे फार मोल वाटते. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर नीट चढलेला नसतो, त्यामुळे रोप बाहेर काढताच सुकू लागते आणि त्याला हळूहळू कोरड्या हवेची सवय लावावी लागते. कंद मात्र मुळातच कोरडे महिने जमिनीखाली काढण्यासाठी घडलेला असतो.

इथवरचा भाग केळीसारखाच आहे, पण पुढे वाट फुटते. केळीला बी नको असते आणि सगळी झाडे एकसारखी असणे हाच शेतकऱ्याचा फायदा असतो. कंदीलपुष्पाला डोंगरावर स्वतःचे बी धरून पुढे टिकायचे असते. त्याच्या नळीसारख्या फुलात शिरलेली बारीक माशी आतल्या खाली झुकलेल्या केसांमुळे अडकते. काही काळाने केस कोमेजतात, तेव्हा ती परागांचा गोळा घेऊन सुटते आणि दुसऱ्या फुलात जाते. या कुळातल्या बऱ्याच वनस्पतींना स्वतःचे पराग चालत नाहीत. म्हणजे एकाच रोपापासून हजार रोपे केली, तरी ती सारी एकच रोप असल्यासारखी असतात आणि त्यांच्यात शेंग धरेलच असे नाही. म्हणून अनेक निरनिराळ्या मातृवनस्पतींपासून थोडी थोडी रोपे करावी लागतात, शक्य तिथे बियांपासून करावी लागतात, प्रत्येक बाटलीवर मूळ रोपाची आणि जागेची नोंद ठेवावी लागते आणि एका गडाची रोपे दुसऱ्या गडावर न्यायची नसतात. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतक्या जाती जिवंत ठेवल्या, यामागे किती वर्षांचे फिरणे आहे, हे मला आता कामात पडल्यावर उमगते.

नुसती संख्या वाढवून भागत नाही, याचे उदाहरण आपल्या शिवनेरीवरच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने १८६५ मध्ये नोंदवलेली शिंदळ माकुडी ही वनस्पती साध्या फांदीपासूनही सहज रुजते, परदेशातले हौशी लोक ती कुंडीत वाढवतात, आणि तरीही रानात ती मोजक्या कड्यांवरच उरली आहे. कुंडीतले रोप हा विमा आहे, आणि तो हवाच. पण कड्यावरच्या रोपाची जागा त्याला घेता येत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यामुळे पहिल्या पावसात, जिथे पाणी साचून तो कुजणार नाही अशा खडकाच्या बेचक्यात बाटलीतला कंद ठेवला, तरी आमचे काम संपत नाही. त्या रोपाला फूल, शेंग आणि शेजारी नवे रोप येईपर्यंत आम्ही ते यशस्वी मानत नाही.

यात तुमचाही हातभार हवा आहे. आपल्या वरच्या उतारावर खरपुडी आहे, ती कोणत्या जातीची आहे हे फूल पाहिल्यावरच सांगता येईल. गणपतीच्या सुमारास फुलली की शेजारच्या मुलाला फोटो काढून पाठवायला सांगा. पुढे रुईसारख्या जोडशेंगा धरतील, त्या कोणी तोडू नयेत. बी गोळा करायचे तर वनखात्याची परवानगी काढून मी स्वतः येईन. तोवर तिथले गवत पेटवू नका आणि गुराख्यांना कंद खणू देऊ नका. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

आई, गुडघ्याचे तेल संपत आले असेल, पुढच्या पार्सलमध्ये पाठवते. दोघेही प्रकृतीस जपा.

तुमची,
मेघा