चौदाव्या फ्रेटवरचा उंचवटा

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गिटारच्या तारा अजून खरखरतात का?" मी घाईत होतो, "झालं ते काम" एवढंच म्हणालो. पण ते काम तीन रविवार चाललं आणि तिन्ही रविवार मला तुमची आठवण येत होती, म्हणून आज नीट लिहायला बसलोय. लाकडाचं तुम्हाला सांगायला नको, गिटारचे शब्द तेवढे सांगतो.

मानेवर बोटं दाबायची जी काळपट पट्टी असते ती फिंगरबोर्ड. माझी शिसवीची आहे. तिच्यात आडव्या खाचा आणि त्यांत धातूचे २० फ्रेट ठोकलेले. तार एका फ्रेटवर दाबली की तिथून घोडीपर्यंत, म्हणजे गिटारच्या पेटीवर तारा जिथे टेकतात तिथपर्यंत, ती कशालाही न शिवता हलली पाहिजे. माझी जाड तार दहाव्या-अकराव्या फ्रेटवर दाबली की भुणभुणायची. बरेच दिवस मी त्या अकराव्यालाच दोष देत होतो. पण बोट असतं तिथे तार आपटत नाही, ती आपटते पुढे. तेव्हा शोधायचं ते बोटाच्या पुढे, घोडीच्या बाजूला.

पहिली तपासणी तारा चढवलेल्या असतानाच केली. सहा तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण असतो, त्यानं मान किंचित पुढे वाकते. थोडा बाक हवाही असतो, कारण तार मध्यावर जास्त झोका घेते. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती घट्ट केली की बाक कमी होतो. बाक मोजायला ताणलेली तारच घ्यायची, तिच्याइतकी सरळ पट्टी घरात दुसरी नसते. एका हातानं पहिल्या फ्रेटवर, दुसऱ्यानं चौदाव्यावर दाबायची आणि सातव्यावर किती फट राहते ते बघायचं. ०.२ मिमी पुरते. माझी ०.४ निघाली. रॉड एका वेळी आठवा हिस्सा फिरवत फट आणली बरोबर, तरी खरखर तशीच. म्हणजे दोष बाकाचा नव्हता, फिंगरबोर्डच वरखाली होता.

मग तारा काढल्या, रॉडनं मान शक्य तेवढी सरळ केली आणि ४५ सेंमीची स्टीलची पट्टी उभी धरून फ्रेटवर टेकवली. मागे दिवा ठेवला. तुम्ही फळी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटायचात, तसंच बसून बघितलं. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती आणि तेराव्या-चौदाव्यावर ती विझायची. तिथेच स्टीलची पट्टी डुगडुगायची. फट मोजायचं ०.४ मिमी जाडीचं धातूचं पान अडखळल्याशिवाय आत गेलं.

चौदाव्यावरच का, तर तिथे मान पेटीला मिळते. तिथे खाली लाकडाची जाड टाच असते, ती वाकत नाही. तिच्या अलीकडची बारीक मान ताणानं वाकते आणि पुढची पट्टी पेटीच्या वरच्या फळीला चिकटलेली असते. दोन्हींच्या सांध्यावर ढोपर निघतं. शिवाय ही गिटार बनवताना मी मान जोडली तेव्हा कोन किंचित चुकवला होता, हे आता कळतंय.

आता फक्त फ्रेट कानसून भागलं असतं का? नवा फ्रेट जेमतेम १.१ मिमी उंच असतो. त्यातले ०.४ घालवले तर उरतं काय? फरक ०.१ असता तर मीही कानसच उचलली असती. इथे फ्रेट काढून लाकूडच सरळ करायला हवं होतं.

काढताना प्रत्येक फ्रेट सोल्डरिंग आयर्ननं तापवला आणि तोंड सपाट घासलेल्या पकडीनं एका टोकापासून हळूहळू उचलला. थंड फ्रेट ओढला की खाचेच्या काठची शिसव टवके होऊन उडते. दोन टवके निघालेच, ते जागच्या जागी चिकटवले. मग सबंध पट्टीवर पांढऱ्या पेन्सिलीनं नागमोडी रेघा मारल्या. ही तुमचीच रीत. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीला ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला आणि मानेच्या लांबीत घासायला लागलो. दाब अजिबात द्यायचा नाही, नळीचं वजन पुरतं. पहिल्या दहा-बारा फेऱ्यांत फक्त तेरा-चौदावरच्या आणि अगदी वरच्या टोकाच्या रेघा गेल्या. बाकी सगळ्या जशाच्या तशा! आवाजही वेगळा यायचा, उंचवट्यावर कर्कश आणि खोलगट भागावर पोकळ. जसजशी पट्टी सारखी होत गेली तसतसा तो एकच सपसप असा झाला. शेवटची रेघ जाड तारेच्या बाजूला, सहाव्या आणि सातव्या खाचेच्या मध्ये उरली होती. ती गेली तिथेच थांबलो. तोंडाला मास्क होता, शिसवीची धूळ छातीला आणि कातडीला बाधते.

पट्टीचा वरचा भाग आडवा थोडा गोल असतो, १६ इंच त्रिज्येचा. तो साच्यानं वारंवार तपासला. चौदाव्याच्या पुढे मात्र मुद्दाम पाव मिलिमीटर उतार ठेवला, म्हणजे पेटीची फळी दमट हवेत फुगली तरी तार तिथे अडणार नाही.

घासल्यानं खाचा उथळ झाल्या होत्या, त्या बारीक करवतीनं खोल केल्या. मगच फ्रेट ठोकले, आधी दोन्ही टोकं आणि मग मधला भाग. ठोकून झाल्यावर मान जराशी मागे वाकली, कारण २० खाचांत २० पाचरीच बसल्या होत्या. रॉड थोडा सैल केला, फ्रेटचे माथे सारखे करून पुन्हा गोल केले आणि तारा चढवल्या.

बाराव्या फ्रेटवर जाड तार २.४ मिमी उंच आहे, बारीक १.८. अकराव्यावर दाबून छेडली आणि ती शेवटपर्यंत स्वच्छ वाजली. मी पाच-सहा वेळा नुसती तीच एक तार वाजवत बसलो होतो.

एक विचारायचंय. दुसऱ्या गिटारच्या मानेसाठी महोगनीचा तुकडा आणलाय. रेषा सरळ आहेत, पण एका टोकाला तिरप्या जातात. ते टोक टाचेकडे ठेवू की कापूनच टाकू? आणि ढोबळ आकार कापून किती महिने तसाच पडू देऊ? फोनवर नको, सावकाश लिहून कळवा. जमलं तर कागदावर काढून दाखवा.

आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू