चि. बाळास पत्र : एका ट्रेमधलं चिकन

सोलापूर,
रविवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

ओटीजी, म्हणजे तो विजेचा छोटा ओव्हन, घेतलास ते बरं केलंस. पण त्यात नुसते पाव गरम करत बसू नकोस. आठला घरी येऊन आमटी, भाजी, चिकन असा तीन भांड्यांचा घाट घातलास तर जेवायला साडेदहा वाजणार. त्यापेक्षा चिकन आणि भाज्या एकाच ट्रेमध्ये भाज. हातचं काम पंधरा मिनिटांचं, पुढचा पाऊण तास ओटीजी बघून घेतो.

यात सगळा खेळ पाण्याचा आहे. चिकनच्या अंगावर ओल असेपर्यंत वरचा थर शंभर अंशांच्या पुढे सरकत नाही. तेवढ्यावर मांस शिजतं, भाजत नाही. खरपूस रंग धरायला दीडशेच्या आसपास जावं लागतं. म्हणून आपल्या रश्श्याच्या सवयी इथे चालत नाहीत: दही, आलं-लसणाची ओली पेस्ट, टोमॅटो. दह्याला पाणी सुटतं, पेस्ट वरच्यावर करपून कडू लागते. लसूण हवा तर सालासकट पाकळ्या टाक, आत मऊसूत होतात, खाताना दाबून काढायच्या.

दुकानात सांगून लेग आणि मांडीचे तुकडेच घे, हाडासकट. दोघांना रात्रीपुरतं आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याला पाऊण किलो पुरे. साल ठेवायला सांग. दुकानदार न विचारता सोलून देतो, आणि सालीशिवाय चिकन वरून वाळतं. छातीचे तुकडे यात मिसळू नकोस. ते वीस-पंचवीस मिनिटांत होतात आणि लेग होईपर्यंत त्यांचा भुसा होतो. घरी आणून नळाखाली धुऊ नकोस, त्याचे शिंतोडे ओट्यावर आणि धुतलेल्या भांड्यांवर उडतात. कागदाने टिपून घे. सकाळी निघण्याआधी त्याला चहाचा सपाट सव्वा चमचा मीठ चोळून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेव, म्हणजे गळलं तरी दुसऱ्या जिनसांवर पडणार नाही. संध्याकाळपर्यंत मीठ आतपर्यंत मुरतं आणि वरून ओलही कमी झालेली असते.

संध्याकाळी आल्या आल्या आधी ओटीजी २२० वर लाव, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू. पंधरा मिनिटं तापू दे. दिवा विझला म्हणून घाई करू नकोस. दिवा हवा तापल्यावर विझतो, भिंती तापायला आणखी वेळ लागतो. तोवर भाज्या चीर. बटाटे ३०० ग्रॅम, गाजरं दोन, कांदे दोन. बटाट्याचे तुकडे तीन सेंटीमीटरचे, गाजराचे त्याहून थोडे बारीक, कारण गाजर हट्टी. कांद्याचं बूड ठेवून चार फोडी कर, नाहीतर पाकळ्या सुट्या होऊन जळतात. धुतलेल्या भाज्या फडक्याने कोरड्या कर.

पोह्यांचे तीन चमचे तेल, चहाचे दोन चमचे काळा मसाला, पाव चमचा हळद, भाज्यांपुरतं पाऊण चमचा मीठ. मसाला आधी तेलात कालव, मग सगळ्याला चोळ. कोरडा भुरभुरवलेला मसाला एवढ्या आचेवर दहा मिनिटांत जळतो. काळ्या मसाल्यातच मीठ असेल तर हात आखडता घे.

आता ट्रे. तुकड्यांमध्ये बोटभर जागा सुटली पाहिजे. एसटीत कोंबल्यासारखं भरलंस तर वाफ अडकते आणि चिकन आपल्याच पाण्यात उकडतं. मावत नसेल तर भाज्या कमी कर, थर लावू नकोस. चिकन सालीची बाजू वर, ट्रे मधल्या खाचेत. वरच्या खाचेत ठेवलंस की बाहेर काळं आणि हाडाशी लाल, ही नेहमीची तक्रार.

वीस मिनिटांनी ट्रे फिरव, मागची बाजू पुढे, कारण छोट्या ओटीजीत आच एकसारखी नसते. ढोबळी मिरची किंवा फ्लॉवर घालायचं ते याच वेळी, आधी घातलंस तर त्यांचा लगदा होतो. बटाटा हलवताना चिकटून बसला तर ओढू नकोस, खालून खरपूस झाला की आपोआप सुटतो. ट्रेमध्ये पाणी साचलेलं दिसलं तर वाटीत ओतून घे. फेकू नकोस, भाकरीबरोबर लागेल. आणखी वीस-पंचवीस मिनिटं ठेव. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाशेजारी सुरी खुपस. रस स्वच्छ आला आणि मांस हाडापासून सुटत असेल तर झालं. थर्मामीटर घेतलास तर ७४ अंश ही कमीत कमी खूण. लेग ८० च्या पुढे गेला की जास्त मऊ लागतो. रंग कमी वाटला तर शेवटची चार मिनिटं फक्त वरची कॉइल, पण तेव्हा समोरून हलू नकोस.

बाहेर काढून पाच मिनिटं तसंच ठेव, मग अर्धं लिंबू पिळ. लिंबू आधी नको; अॅल्युमिनियमच्या ट्रेला आंबट चालत नाही आणि रसही कडवट होतो. शेंगाचटणीही अशीच वरून, पोह्यांचे दोन चमचे. भाजण्याआधी घातलीस तर दाणे आणि लसूण दोन्ही जळतात. वाटीतल्या रसात कडक भाकरी मोडून घाल, दोन मिनिटांत मऊ पडते. या पार्सलात दोन्ही आहेत.

दुसऱ्या वेळी गाजराच्या जागी वांगी घालून बघ, पण तेल चमचाभर वाढव, वांगं सगळं पिऊन टाकतं. दुधी-पडवळाच्या नादाला लागू नकोस, त्यात पाण्याशिवाय काही नाही.

डब्याचं चिकन जेवणं झाल्या झाल्या फ्रिजमध्ये टाक. उन्हाळ्यात तासाच्या वर बाहेर राहू देऊ नकोस. सकाळी तव्यावर झाकण घालून वाफ येईपर्यंत गरम कर. मायक्रोवेव्हमध्ये साल चामड्यासारखी होते. आणि ट्रे गरम असतानाच त्यात पाणी ओतू नकोस, पत्रा वाकतो. कोमट झाला की पाणी घालून रात्रभर ठेव.

तुझे,
आण्णा