साठीनंतर आलेल्यांनाही वेळ दिलात, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

"आता या वयात कळून काय करायचंय?" हा प्रश्न तुमच्याकडे ऑटिझमच्या, म्हणजे मेंदूच्या जन्मजात वेगळ्या घडणीच्या, तपासणीसाठी येणाऱ्या बहुतेक घरांतून कुणीतरी विचारतंच. मुलगा विचारतो, सून विचारते, कधी तपासणीला आलेली व्यक्तीच विचारते. तुम्ही त्यावर कधी भाषण दिलं नाहीत. एक कोरा कागद पुढे ठेवलात आणि म्हणालात, "शाळेत मधल्या सुट्टीत काय करायचात, तिथून सुरुवात करू."

प्रौढ ऑटिस्टिक व्यक्ती, त्यांच्या घरची माणसं आणि त्यांच्यासोबत काम करणारे अशा आम्ही काही जणांनी मिळून हे पत्र लिहिलंय. तुम्हाला नावाचा उल्लेख आवडणार नाही म्हणून तो टाळलाय. पत्र उघड ठेवलंय, कारण तुमची पद्धत ज्यांना तुमच्यापर्यंत पोहोचता येणार नाही त्यांच्याही उपयोगी पडावी.

आज साठी-सत्तरीत असलेली माणसं शाळेत होती तेव्हा ऑटिझम म्हणजे न बोलणारं लहान मूल, एवढीच समज होती, तीही मोजक्या डॉक्टरांना. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांबद्दल लिहिलं. बोलणारी, शिकणारी, नोकरी करणारी माणसंही याच पटलावर असू शकतात हे लोकांपर्यंत पोहोचायला ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांचा 1981चा लेख यावा लागला. 2013च्या डीएसएम-5 या अमेरिकन निदान-पुस्तिकेत तर स्पष्टच म्हटलंय की लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, पण अपेक्षांचं ओझं पेलवेनासं होईपर्यंत ती पुरती दिसतीलच असं नाही, आणि शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे ती झाकलीही जातात. त्याआधीच्या पिढीचं निदान घरच्यांनीच करून टाकलेलं होतं: घुम्या, एककल्ली, माणूसघाणा, तऱ्हेवाईक. मुलगी असेल तर तेही नाही. नजर खाली, बोलणं कमी, सांगितलेलं काम तंतोतंत, म्हणजे गुणी मुलगी. तिला त्यासाठी काय मोजावं लागत होतं हे कुणी विचारलं नाही.

मग ती घडी विस्कटते कधी, हे तुम्ही आम्हाला नेमकं दाखवलंत. निवृत्तीनंतर दहा ते पाचची चौकट जाते. फोन, लग्नकार्यं, बँक, पाहुणे हे सगळं सांभाळणारा जोडीदार जातो. जुनं घर पाडून नवं बांधायला घेतात आणि मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला जावं लागतं, तिथे स्वयंपाकघर आणि बसायची खोली एकच, मिक्सर आणि टीव्ही एकाच वेळी चालू. बाईंच्या बाबतीत पाळी जाण्याच्या काळात आवाज, वास, गर्दी एकदम असह्य होतात. किंवा नातवाचं निदान होतं, आणि त्याच्या अहवालातली वाक्यं वाचताना आजोबा गप्प होतात.

आता तो कागद. तीन रकाने: बारा वर्षांपर्यंत, पंचविशीपर्यंत, आणि आता. आडव्या ओळी पाच: माणसांशी वागणं, बोलण्याचा अर्थ लावणं, ठरलेपण आणि बदल, खोलवरची आवड, आणि आवाज-स्पर्श-वास-चव. प्रत्येक चौकोनात घटना लिहायची, विशेषण नाही. "लाजाळू होतो" हे चालत नाही. "पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसायचो, ते गेल्याशिवाय उतरायचो नाही" हे चालतं. "कधीतरी या घरी" म्हटल्यावर खरंच रविवारी न कळवता जाऊन उभं राहणं. आमटीचा भाताला स्पर्श झाला तर ताट सोडून उठणं. वरातीचा बँड जवळ आला की कान दाबून घरात पळणं. सातबारा, नाणी, पंचांग अशा एखाद्या विषयावर समोरचा घड्याळ बघत असतानाही बोलत राहणं. दोन पानांपेक्षा जास्त नको, ही तुमची अट सुरुवातीला जाचक वाटायची. पण वीस पानं आणणाऱ्यांचं महत्त्वाचं काहीतरी अठराव्या पानावर राहून जातं, हे आम्ही पाहिलंय.

आई-वडील हयात नसतात, ही या वयातली मोठी अडचण. तुम्ही थोरल्या बहिणीला, मावशीला, शाळासोबत्याला विचारायला लावता. त्यातही प्रश्न कसा विचारायचा हे शिकवलंत. "तो वेगळा होता का?" असं विचारलं की भावाबहिणींना तो ठपका वाटतो आणि "छे, अगदी नॉर्मल होता" असं उत्तर येतं. "सुट्टीत मामाकडे गेल्यावर तो दिवसभर काय करायचा?" असं विचारलं की मावशी अर्धा तास बोलते. जुन्या प्रगतिपुस्तकातला शेरा, पत्रं, समूहफोटोत उभं राहण्याची जागा, हेही उपयोगी. मात्र "बोलायला कधी लागला" याचं साठ वर्षांनंतरचं उत्तर तुम्ही पेन्सिलीने लिहिता, तेही बरोबरच.

प्रश्नावल्यांबद्दल तुम्ही घातलेला लगाम आम्हाला सर्वात मोलाचा वाटतो. एक्यू-10 या ऑटिझमची प्राथमिक चाचपणी करणाऱ्या प्रश्नावलीत दहा विधानं, सहा किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी करावी, इतकाच त्याचा अर्थ. पन्नास विधानांच्या एक्यूच्या 2001च्या मूळ अभ्यासात 32 ही रेषा धरली होती. आरएएडीएस-आर या मोठ्यांसाठीच्या प्रश्नावलीत 80 विधानं आणि 65 गुणांची रेषा, पण फार चिंता करणारी माणसंही ती सहज ओलांडतात. लोक मोबाइलवर आकडा बघून रात्रभर जागतात, नाहीतर आकडा कमी आला म्हणून विषयच मिटवतात. शिवाय ही विधानं इंग्लंड-अमेरिकेतल्या आयुष्यातून आलेली. संग्रहालयापेक्षा नाटकाला जायला आवडेल का, असं जिने कधी स्वतःसाठी वेळच काढला नाही तिला विचारून काय कळणार? आपल्याकडे माणसं कसं आहे यापेक्षा कसं असायला हवं याचं उत्तर देतात. म्हणून तुम्ही दोन प्रती भरायला लावता, एक स्वतः, एक जोडीदाराने किंवा भावंडाने वेगळ्या खोलीत बसून, आणि प्रत्येक "हो"समोर एक प्रसंग मागता. जिथे दोन उत्तरं जुळत नाहीत तिथेच तुम्ही जास्त वेळ थांबता. एडॉस-2 या समोरासमोर बसून निरीक्षण करण्याच्या चाचणीचा मोठ्यांसाठीचा चौथा भाग वापरलात तरी, आयुष्यभर मुखवटा घालायला शिकलेली बाई तासाभराच्या भेटीत तो सहज निभावून नेते, हे लक्षात ठेवूनच त्याचा निकाल वाचता.

आणि तो एक प्रश्न: "हे कधीपासून?" ऑटिझम बासष्टाव्या वर्षी सुरू होत नाही. चारचौघांत काहीही बोलणं, जवळच्यांच्या दुःखाने न हलणं, एकाच गोष्टीचा हट्ट, अचानक गोडाची ओढ, हे सगळं गेल्या दोन वर्षांत आलं असेल तर आधी न्यूरोलॉजिस्ट, कारण मेंदूच्या पुढच्या भागाचा डिमेन्शिया असाच दिसतो. ऐकू कमी येणारा माणूसही गप्पांतून बाहेर पडतो, म्हणून ऑडिओमेट्री. बी-12 आणि थायरॉइडची रक्ततपासणी. नैराश्य, ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा), लोकांसमोर जाण्याची भीती आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, उतावीळपणा) यांचा वेगळा विचार, कारण यांतलं काही ऑटिझमच्या जागी असू शकतं तसं जोडीलाही असू शकतं. ही पायरी गाळून थेट शिक्का मारणारे आहेत, तसंच "तुम्ही तर डोळ्यांत बघून बोलता, तुम्हाला कसला ऑटिझम" म्हणून पाच मिनिटांत परत पाठवणारेही. तुम्ही दोन्ही टाळलंत. ज्यांना तुम्ही "हा ऑटिझम नाही" म्हणालात, तेही रिकाम्या हाताने गेले नाहीत. पुढे कुठे जायचं ते त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. आणि तपासणारी व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का, मोठ्यांना तपासण्याचा अनुभव आहे का, हे आधी विचारण्यात उद्धटपणा नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

शब्दाबद्दलही थोडं. "स्वमग्नता" हा शब्द मराठीत रुळलाय, पण स्वतःतच बुडालेला, इतरांची पर्वा नसलेला असा वास त्याला येतो आणि कित्येकांना तो टोचतो. तुम्ही समोरच्याला विचारता, "तुम्हाला कोणता शब्द चालेल?" आणि अहवालात तोच वापरता.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा गोंधळ तुम्ही सोडवलात, त्याचेही आभार. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी) पोर्टलवर करायचा आणि तपासणी नेमून दिलेल्या रुग्णालयात होते. पण तिथे मोजमाप आयएसएए या ऑटिझमसाठीच्या चाळीस मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीवर होतं. एकूण 40 ते 200 गुण, 70 च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, 70 ते 106 सौम्य. त्यातले बरेच मुद्दे ठळक दिसणाऱ्या वागणुकीचे आहेत. त्यामुळे निदान पक्कं असूनही उशिरा ओळखलेल्या माणसाचे गुण कमी पडू शकतात. निदान ही एक गोष्ट, 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ही दुसरी. हे आधीच माहीत असलं की रुग्णालयातून परतताना "मग मला झालंय तरी काय" हा घोर लागत नाही.

ऑटिझमवर गोळी नाही, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगता. झोप, चिंता, नैराश्य यांवर औषध लागलं तर मानसोपचारतज्ज्ञ देतील, तेही कमी मात्रेपासून. झोपेच्या गोळीने म्हातारपणी तोल जाऊन पडण्याची भीती असते. खरा फरक पडतो तो साध्या बदलांनी. निवृत्तीनंतर दिवसाचं लेखी वेळापत्रक, त्यात पाणी पिण्याच्या वेळासुद्धा, कारण अनेकांना तहान-भूक वेळेवर कळत नाही. कुकर-मिक्सर लावण्याआधी सांगणं. फोनआधी मेसेज. लग्नाला जायचं तर पाऊण तास, आणि निघायची खूण आधीच ठरलेली. रुग्णालयासाठी एका पानाची माहिती: दुखणं चेहऱ्यावर दिसत नाही, दहापैकी किती दुखतंय हे सांगता येत नाही, एका वेळी एकच प्रश्न विचारा, सूचना लिहून द्या.

घरच्यांना तुम्ही दोन गोष्टी बजावल्यात. निदान कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. कुणाला, कधी सांगायचं हे त्या व्यक्तीने ठरवायचं. आणि प्रत्येक भांडणात ते पुढे करायचं नाही. निदानानंतर हलकं वाटतं तसं गेलेल्या वर्षांचं दुःखही उसळतं, काहींना जगणं नको वाटतं. तेव्हा वाट न पाहता मदत घ्यायची. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तुम्ही प्रत्येक फाइलच्या आतल्या बाजूला लिहिता. चाळीस वर्षं "हा माझ्याशी असा का वागला" म्हणत जगलेल्या जोडीदारालाही तुम्ही वेगळी भेट देता, हे फार कमी जण करतात.

तीन रकान्यांचा तो कागद आम्ही मराठीत नीट मांडून, मोठ्या अक्षरांत, ए-4 च्या दोन पानांत बसवलाय. मधल्या रकान्यात नोकरी आणि लग्न एकत्र ठेवावं की वेगळं, यावर आमचं एकमत होत नाही. सवडीने बघून सांगा. तुम्ही हो म्हणालात की छापून वाचनालयांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांत ठेवू.

आपले कृतज्ञ,
प्रौढ ऑटिस्टिक व्यक्ती, कुटुंबीय आणि सहकारी